गुरुवारचं पाळणाघर

मिनलच्या पत्राला ज्योतीरामांनी उत्तरं लिहिली होती, एकदा नाही, पाच-सहा वेळा. पण त्यातलं एकही पाकिटात गेलं नव्हतं.

पत्र येऊन महिना होत आला होता. मुलगी राहते मोशीला, बाप निगडीला यमुनानगरात. बस वेळेवर मिळाली तर तासाभराचा रस्ता, आणि फोन दोघांच्याही खिशात. तरी तिनं पत्र लिहिलं होतं, आणि ते का, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलं होतं. ‘बाबा, फोनवर तुम्ही हं-हं करता आणि ठेवू का म्हणता. आई होती तोवर तुमच्या वाटचं ती बोलायची. म्हणून लिहिते आहे.’

पुढचा मजकूर थोडकाच होता. सासूबाई पुढच्या महिनाअखेरीला गावी जाणार, धाकट्या नणंदेचं बाळंतपण आलं आहे. गणराज आता सव्वा वर्षाचा झाला. ती आणि रणजीत दोघंही सकाळी कंपनीच्या बसनं चाकणला जातात ते संध्याकाळीच परततात. ‘तुम्ही आमच्याकडे राहायला याल का? तो तुमच्याजवळ राहील. जमणार नसेल तर तसंही कळवा.’

ज्योतीरामांनी ते दारातच उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं, आणि संध्याकाळी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्यांना जायचं होतं. किती जायचं होतं हे त्यांनाच ठाऊक. मोशीहून परत आलं की शर्टाच्या खांद्याला नातवाच्या दुधाचा आंबूस वास राहायचा, आणि तो शर्ट धुवायला टाकायला त्यांना दोन-तीन दिवस लागायचे. मिनलची आई गेल्यापासून घरात बोलणारं कुणी नव्हतं. पुस्तकं होती, पण पुस्तकं काही हाक मारत नाहीत.

पण जायचं म्हटलं की शंका उभ्या राहायच्या. आपले गुडघे असे. पोर धावलं तर आपण त्याच्यामागे धावणार कसे? ते रडायला लागलं तर त्याला म्हणायचं तरी काय? आयुष्य गेलं कंपनीच्या स्टोअरमध्ये नट-बोल्टच्या नोंदी करण्यात आणि उरलेला वेळ कामगार वाचनालयाच्या कपाटांत. मिनल लहानाची मोठी झाली ती तिच्या आईच्या हातावर. आपण बाजूला बसून वाचत होतो, एवढंच.

‘येतो’ असं लिहिलं की वाटायचं, हावरटासारखं दिसतंय. ‘नाही जमणार’ हे तर हाताला लिहवेना. एकदा दोन्ही बाजू नीट मांडून मोठं पत्र लिहिलं, तर वाचताना ते साहेबांना पाठवायच्या अर्जासारखं वाटलं. तेही फाडलं. असे दिवस गेले, आणि उत्तर न देणं हेच उत्तर होऊन बसलं. मिनलनं पुन्हा विषय काढला नाही.

मग एका बुधवारी तिचा फोन आला.

“बाबा, एक काम कराल? आमच्या मागच्या गल्लीत सुमनताईंचं पाळणाघर आहे. मला आणि रणजीतला उद्या गुरुवार असून बोलावलंय, ऑडिट आहे. तुम्ही जरा बघून याल का? गणराजला ठेवायचा विचार आहे.”

“हं.”

“हं म्हणजे जाल?”

“जातो.”

“तुम्ही इतकं वाचता, तुमची नजर बारीक आहे. तुम्ही चांगलं म्हणालात तर मी डोळे मिटून घालीन त्याला. ठेवू का?”

या वेळी ‘ठेवू का’ ती म्हणाली.

ज्योतीरामांनी फोन खाली ठेवला. तिनं दुसरी सोय शोधली होती. आपण गप्प बसलो, ती बिचारी करणार काय? मग ते वाचनालयात गेले आणि बालसंगोपनावरचं एक जुनं पुस्तक काढून आणलं. त्यात पाळणाघर कसं पारखावं यावर एक प्रकरणच होतं. दाराला कडी वर आहे का, मुलं झोपतात कुठे, पाणी कसलं, एका बाईच्या वाट्याला किती मुलं, मूल रडलं तर काय करतात. त्यांनी सगळे प्रश्न पाठ केले. पाठ करता करता एक गोष्ट मनात आली, आणि ती आली म्हणून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते पाळणाघर वाईट निघालं तर बरं होईल, असं त्यांना वाटत होतं.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. लग्नाची बोलणी, नातेवाइकांच्या भेटी, दवाखाना, बँक, ज्योतीरामांचं सगळं आयुष्य गुरुवारी पार पडलेलं. निवृत्तीनंतरही कुठे जायचं म्हटलं की त्यांचे पाय गुरुवारीच निघायचे. तेव्हा त्या दिवशी भोसरीला बस बदलून ते मोशीला उतरले त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

पाळणाघर एका रो-हाऊसच्या तळमजल्यावर होतं. दाराला उंच कडी होती. आत मोठा हॉल, फिनेलचा वास, आणि भिंतीवर टीव्ही मोठ्यानं चाललेला. खेळण्यांच्या मांडणीवर चादर टाकलेली. एक मुलगी सतरंजीवर झोपली होती. दुसरा मुलगा, असेल तीनेक वर्षांचा, जाळीच्या दाराशी बसून रस्त्याकडे बघत होता. दोन्ही हातांत त्यानं स्वतःचेच बूट घातले होते.

“या काका, बसा की,” सुमनताई म्हणाल्या. लातूरकडच्या होत्या, बोलण्यावरून कळत होतं. मांडीवर परात घेऊन त्या घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या. “मिनलचे वडील ना तुम्ही? तिचा फोन आलता. आज काय, गुरुवार. हे दोघंच आहेत बघा. चहा टाकू का?”

“नको, नको.”

ज्योतीराम खुर्चीच्या कडेवर टेकले. पाठ केलेल्या प्रश्नांपैकी एकही प्रश्न तोंडाशी येईना. परक्या बाईला तिच्याच घरात बसून विचारायचं तरी कसं, की बाई, मूल रडलं तर तुम्ही काय करता? शेवटी धीर करून त्यांनी विचारलं, “पाणी… उकळलेलं?”

“फिल्टरचं आहे की. देऊ का प्यायला?”

ते पाणी प्यायले. दाराशी बसलेल्या पोरानं एकदा मागे वळून पाहिलं आणि पुन्हा तोंड रस्त्याकडे केलं. ज्योतीरामांना वाटलं, उद्या तिथं गणराज बसलेला असेल.

ते बाहेर पडले, आणि नाशिक रस्त्याच्या बाजूनं चालताना त्यांच्या लक्षात आलं की आपण भरभर चाललो आहोत, गुडघा दुखत नाही. बसथांब्यावर उभं राहून त्यांनी मिनलला फोन लावला. तिची जेवणाची वेळ होती. मागे यंत्रांचा आवाज येत होता.

“नको वाटतं मला ते,” ते म्हणाले. “मुलं दोनच. टीव्ही चालू. खेळणी झाकून ठेवलेली. एक मूल दाराशी बसून होतं, त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.”

त्यांच्या मानानं हे मोठंच भाषण झालं. पलीकडे थोडा वेळ फक्त यंत्रं वाजत राहिली. ज्योतीरामांनी फोन कानाशी घट्ट धरला. आता म्हणेल, मग बाबा, तुम्हीच या ना. एवढं म्हण. या वेळी मी हं-हं करणार नाही.

“बरं,” मिनल म्हणाली. आवाज थकलेला होता. “दुसरं बघते मग. वाकडला एक आहे म्हणतात, लांब पडेल, पण बघू. थँक्यू बाबा, एवढ्या लांब गेलात.”

आणि तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी यमुनानगरच्या बागेत भिमाजी भेटले. एकाच कंपनीतले, ते मशीन शॉपला, हे स्टोअरला. भिमाजींचा आवाज अजूनही यंत्राच्या वर चढवल्यासारखा.

“काय राव, तोंड का असं? मोशीला गेला होतास ना?”

ज्योतीरामांनी पाळणाघराची हकीगत सांगितली.

“दोनच पोरं?” भिमाजी म्हणाले. “कधी गेला होतास?”

“आज. सकाळी.”

“आज वार कोणता?”

“गुरुवार.”

“अरे ज्योतीराम, लेका!” भिमाजींनी मांडीवर थाप मारली. “जन्म काढलास कंपनीत, आणि सुट्टीच्या दिवशी हजेरी घ्यायला गेलास! सगळ्या पोरांचे आईबाप आज घरी. ज्यांना ओव्हरटाइमला बोलावलंय त्यांचीच ती दोन. आपली कंपनी गुरुवारी बघितली असतीस तर म्हणाला असतास, बंदच पडली म्हणून!”

शेजारच्या बाकावरची मंडळीही हसली. ज्योतीरामांना हसू आलं नाही. ‘आज काय, गुरुवार. हे दोघंच आहेत बघा.’ बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. आपण ते ऐकलं नाही, की ऐकून बाजूला ठेवलं? घरी जाऊन त्यांनी पुस्तक उघडलं, पण अक्षर लागेना. त्या बाईंना आपण नापास करून आलो. आणि मिनल वाकडपर्यंत हेलपाटे घालणार, ते आपल्या शब्दावर. तिनं डोळे मिटून ठेवलेला विश्वास होता तो.

शनिवारी ते पुन्हा मोशीला गेले. आधी मिनलच्या घरी. ती आणि रणजीत कामावर गेलेले. दार छबूबाईंनी उघडलं, मिनलच्या सासूबाईंनी. कमरेवर गणराज, त्याच्या तोंडात पदराचं टोक.

“आगंबया, इवाई! वाट चुकला का काय? गुरुवारी गल्लीपत्तुर येऊन तसंच माघारी गेला म्हनं. आमी काय खाऊन टाकलं असतं का तुमाला?”

“तसं नाही, विहीणबाई. पाळणाघर परत एकदा बघावं म्हणतो.”

“परत? मिनल म्हनली, बाबांनी नापास केलंय त्येला.”

“मी चुकलो. गुरुवारी गेलो होतो.”

छबूबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. “गुरुवारी? गुरुवारी तितं काय चिटपाखरू आसतंय व्हय? चला, मी बी येते. म्या बी आतून बघितलं न्हाई आजून.”

गल्लीतून चालताना त्यांनी गणराजला खाली सोडलं. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि ज्योतीरामांचं बोट धरलं. पकड घट्ट, तळवा ओलसर. ज्योतीराम त्याच्या पावलांच्या मापानं चालू लागले. त्या गल्लीचं अंतर ते किती असणार, पण त्यांना वाटलं, ते असंच लांबत जावं.

आवाज कोपऱ्यावरच ऐकू येऊ लागला. दाराबाहेर चिमुकल्या चपलांचा ढीग पडला होता. आत टीव्ही बंद होता. मांडणीवरची चादर गेली होती आणि खेळणी पायांत येत होती. सुमनताईंच्या कडेवर एक, पाठीला लोंबकळत दुसरं. आणखी दोन बाया खिचडी भरवत होत्या, एकीनं एकाच वेळी तिघांना समोर बसवलं होतं. आणि हॉलच्या मधोमध गुरुवारचा तोच मुलगा, आजही हातांत बूट, मागे पाच-सहा पोरांची रांग. ती पोरं एकमेकांचे शर्ट धरून बस झाली होती आणि हा बूट एकमेकांवर आपटत ओरडत होता, “चाकन, चाकन, चाकन! आत सरका, आत सरका!”

“काका! या की,” सुमनताई म्हणाल्या. “बसायला जागा नाही बघा आज.”

“टीव्ही बंद आहे,” ज्योतीरामांच्या तोंडून निघून गेलं.

“टीव्ही व्हय? तो गुरुवारी, माझ्यासाठी. एरवी ह्यांच्यापुढं टीव्हीचा काय आवाज येतोय?”

आज ज्योतीरामांना कसा कोण जाणे, धीर आला. “एक विचारू? मूल रडायला लागलं तर तुम्ही काय करता?”

सुमनताईंना प्रश्न कळला नसावा असं वाटलं. “घेते की, काका,” त्या म्हणाल्या. “अजून काय करणार?”

ज्योतीराम महिनाभर या प्रश्नापाशी अडून बसले होते. त्यांनी मान हलवली.

तेवढ्यात बोटावरची पकड सुटली. गणराजनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, धपकन बसला, पुन्हा उठला आणि त्या बसच्या शेवटच्या पोराचा शर्ट जाऊन धरला. बस हलली. तो दोनदा पडला, दोनदा उठला, हसत होता. मागे वळून त्यानं एकदाही पाहिलं नाही. ज्योतीरामांचं बोट अजून तसंच, पुढे केलेलं होतं. त्यांनी ते हळूच मुठीत घेतलं.

“बघा!” छबूबाई म्हणाल्या. “आज्याला न् आजीला इसरला गडी! म्हयनाभर म्या जिवाला घोर लावून घेतलाय, ह्यो माझ्याबिगर ऱ्हाईल कसा म्हनून.”

निघताना गणराजनं भोकाड पसरलं. छबूबाईंनी त्याला उचलला आणि ज्योतीरामांच्या अंगावर दिला. “धरा जरा, माझी चप्पल कुटं गेली ह्या ढिगात.” ज्योतीरामांनी घेतला. काय म्हणायचं ते त्यांना सुचलं नाही, म्हणून त्यांनी काही म्हटलं नाही, नुसता घेऊन उभे राहिले. कोपऱ्यापर्यंत तो रडला. मग हुंदके देत देत त्यांच्या मानेत तोंड घालून गप्प झाला.

“मंग? पास का नापास?” छबूबाईंनी विचारलं.

“पास.”

“मंग तुमचंच तोंड का उतरलंय?”

ज्योतीरामांनी गणराजला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. छबूबाईंनी चाल कमी केली.

“येक सांगू का, इवाई? तुमी रागवू नका. मिनल कामावनं आली का आदी खाली टपालाची पेटी बघायची. रोज. म्या म्हनलं, बिलं तर मोबाईलवर येत्यात, तू काय बघतीस गं? तर म्हनली, बाबांचं पत्र येनार हाय.”

“अजून बघते?” ज्योतीरामांनी विचारलं.

“आता न्हाई बघत,” छबूबाई म्हणाल्या.

दुपारी घरी आल्यावर ज्योतीरामांनी टेबलावरचं पुस्तक बाजूला सारलं आणि कागद पुढे ओढला. बसमध्ये सगळा वेळ एकच विचार चालला होता. पाळणाघर वाईट असतं तर सोपं होतं. पोराची अडचण म्हणून, मुलीची गरज म्हणून, नाइलाज म्हणून गेलो असतो, आणि स्वतःच्या तोंडानं काही मागावं लागलं नसतं. आता पाळणाघर चांगलं होतं. मिनलला त्यांची गरज उरली नव्हती. उरली होती ती त्यांची स्वतःची इच्छा, आणि तिला पुढे करायला दुसरं कुठलंच कारण हाताशी नव्हतं.

त्यांनी लिहिलं:

‘चि. मिनल, अनेक आशीर्वाद.

सुमनताईंचं पाळणाघर चांगलं आहे. मी गुरुवारी गेलो आणि रिकामं बघून आलो, आज पुन्हा जाऊन भरलेलं पाहिलं. वाकडला जाऊ नकोस. गणराजला तिथंच घाल, तो रमेल. आज रमला होता. गुरुवारी मी तुला चुकीचं सांगितलं, त्याला कारण वार एवढंच नाही. ते पाळणाघर वाईट निघावं असं मला वाटत होतं. म्हणजे तू मला बोलावशील.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. मला यायचं आहे. तुला गरज नसली तरी यायचं आहे. मला पोर सांभाळता येईल की नाही हे मला माहीत नाही. दिवसभर तो सुमनताईंकडे असू दे. संध्याकाळी मी त्याला घरी आणीन आणि तुम्ही दोघं येईपर्यंत आम्ही बसू. रडला तर घेईन.

तुझा बाबा’

‘मला यायचं आहे’च्या पुढे त्यांनी ‘तुमची अडचण होत नसेल तर’ असं लिहिलं होतं. ते खोडलं. खोडलेलं दिसत होतं. म्हणून नवा कागद घ्यावा असं वाटलं, आणि नवा कागद घेतला की काय होतं हे आता त्यांना पुरतं माहीत झालं होतं. त्यांनी तसंच पाकिटात घातलं आणि डिंक लावला.

सोमवारी सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच ते बाहेर उभे होते. तांबडी पेटी समोरच होती. त्यांनी पाकीट पेटीच्या तोंडाशी नेलं आणि थांबले. साधं टपाल जाऊन पडणार इमारतीच्या खालच्या पेटीत, आणि ती पेटी आता कुणी उघडत नाही. पोस्ट उघडताच ते आत गेले.

खिडकीवरच्या मुलीनं पत्ता वाचला. “मोशी? आजोबा, बसनं जाऊन हातात द्या की, लवकर पोचेल.”

“हातात दिलं तर…” ज्योतीराम म्हणाले, आणि त्यांनी पाकीट खिडकीतून आणखी आत सरकवलं. “पोस्टानंच जाऊ दे. पण घरात पोचलं पाहिजे. पेटीत नको.”

“मग स्पीड पोस्ट करा. सही घेऊन देतात.”

सही म्हणजे दिवसा घरी असतील त्या छबूबाई. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळणार, इवायांचं पत्र आलंय, तेही सहीचं. ज्योतीरामांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

“करू ना, आजोबा?”

“करा,” ते म्हणाले.

मुलीनं पाकिटावर चिकटपट्टी लावली, शिक्का मारला आणि मागे न बघता ते मोशीकडच्या थैलीत टाकलं.